मेबलचं शिसं

शनिवारची सकाळची शाळा सुटली आणि मी शनवाऱ्याच्या बाजारातून घरी निघालो, तेव्हा माझ्या डोक्यात दोडकी घ्यावीत की गिलकी एवढाच विचार होता. हे मुद्दाम सांगतो. असं काही घडलं की लोक नंतर म्हणतात, मला आतून वाटतच होतं. मला काहीही वाटत नव्हतं. कडू मापाड्याच्या अडतीपुढे केळीचे घड उतरत होते, चिकाचा तुरट वास सुटला होता, रस्त्यात एक गाडी आडवी लागली होती म्हणून मी काट्यापाशी थांबलो, इतकंच. काट्याच्या एका बाजूला घड ठेवायची दोरांची झोळी होती आणि दुसऱ्या बाजूला त्या झोळीच्या वजनाचा धडा म्हणून तारेनं बांधलेला एक करडा गोळा लटकत होता. गोळा म्हणजे कशाचा तरी कापलेला तुकडा. तो स्वतःभोवती फिरत फिरत माझ्या बाजूला वळला आणि त्याच्यावर मला चांदणी दिसली. शिशात ओतलेली, पाच टोकांची, त्यातलं डावीकडचं खालचं टोक मोडकं. चांदणीच्या पुढे इंग्रजी एक आणि नऊ, आणि नवाच्या पुढे करवतीचा काप. गोळा वळला, चांदणी पलीकडे गेली, परत आली. तेवढ्या वेळात गाडी निघून गेली होती, रस्ता मोकळा झाला होता, मागचा माणूस मला सरका सरका म्हणत होता.

ती चांदणी माझ्या वहीत आहे. सात वर्षांपूर्वी मी तिच्यावर कागद धरून पेन्सिल घासली होती. चांदणी आणि पुढे १९०८. वहीच्या पहिल्याच पानावर. हे शिसं माझ्या नावेचं होतं आणि ते माझ्या नावेखाली असायला हवं होतं.

"हा धडा कुठला?" मी कडूला विचारलं. आवाज वर्गातला निघाला.

"हा? हा तं यादव मिस्त्रीनं देला गुरुजी. झाले पाचेक वर्ष. असे सहा तुकडे होते. एक आमच्याकडं, दोन कापसाच्या प्रेसमंधी, बाकीचे भोयांनी नेले, जाळ्याच्या गोळ्या ओतायले." मग त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. त्याच्या हातातला घड हातातच राहिला. "तुमच्याच नावेचं ना ते? तुमाले तं..." आणि तो एकदम मागे वळून कुणावर तरी ओरडला, की घड आपटू नका, काळे पडतात.

"मला माहीत आहे," मी म्हणालो. "सहज विचारलं."

मला माहीत आहे! चौदा वर्षं मी भूगोल शिकवतो. समुद्र न पाहता पश्चिम किनारा शिकवतो. खाड्या, बंदरं, खारे वारे, मतलई वारे फळ्यावर काढतो आणि न अडखळता म्हणतो की भरतीच्या वेळी पाणी अमुक इतकं चढतं. न पाहिलेल्या गोष्टी माहीत असल्याचं सोंग माझ्या अंगवळणी पडलेलं आहे. तेच तिथं उपयोगी आलं. पण अडतीपासून चार पावलं गेल्यावर माझे कान तापले. कडूला माहीत होतं. प्रेसमधल्यांना माहीत होतं. भोयांना माहीत होतं, म्हणजे नदीला रोज जाणाऱ्या सगळ्यांनाच माहीत होतं. पाच वर्षं दर रविवारी मी हातात वार्निशचा डबा घेऊन याच रस्त्यानं राजपुऱ्याकडे जात होतो आणि हे लोक मला रामराम घालत होते. कुणी हसलंसुद्धा नाही. हसले असते तर बरं झालं असतं. देवराम भोई तर परवाच विचारत होता, "औंदा निघता का गुरुजी?" आणि विचारताना त्याच्या खांद्यावर जाळं होतं. त्या जाळ्याच्या घेराला गोळ्या असणारच. मी जाळ्याकडे पाहिलं नव्हतं. मी त्याला वाऱ्याबद्दल सांगत होतो.

घरी न जाता मी राजपुऱ्याच्या दरवाजातून बाहेर पडलो. भादव्याचं ऊन पाठीला चावत होतं. यादवचा मळा नदीच्या अंगाला आहे, केळीचा. केळीच्या रांगांमधून आत गेलं की शेवटी एक मोकळी जागा लागते, वर पत्रे टाकलेले आणि त्या पत्र्यांखाली मेबल. अठरा फूट लांब, सागवानी, पुढच्या बाजूला दोन माणसं पाय दुमडून झोपतील एवढी खोली, मागे सुकाणू. डोलकाठी बाजूला, लाकडी घोड्यांवर आडवी. शीड दोन तुकड्यांचं, माझ्या घरी माळ्यावर, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेलं. मागच्या फळीवर पितळेची पाच अक्षरं. मेबल कोण होती हे साहेबानं कधी सांगितलं नाही. माझी बायको लीला तिला मडम म्हणते. "निघाले का मडमेकडे?" असं रविवारी सकाळी विचारते आणि चहा पुढे करते.

साहेब यादवच्या प्रेसचा. सरकी काढून गाठी बांधणाऱ्या त्या कारखान्यात यादव फिटर, आणि साहेब मोठा इंजिनेर. साहेबानं ही नाव मुंबईहून आगगाडीच्या उघड्या डब्यावर घालून आणली. आमच्या गावच्या लालबाग ठेशनावर ती उतरली तेव्हा अर्धं बुऱ्हाणपूर पाहायला गेलं होतं, आणि त्या अर्ध्या बुऱ्हाणपुरात मी आणि यादव शेजारी शेजारी उभे होतो, पहिलीपासून जसे उभे राहत आलो तसे. साहेबाला वाटलं होतं तापीत शीड लावून फिरता येईल. आल्यावर त्याला नदी दिसली. नाव समुद्राची होती, काठाकाठानं बंदरं घेत जाणारी, तिच्या पोटाखाली हातभर खोल शिशाचा पाय होता, आणि आमच्या नदीत हातभर पाण्याखाली खडक. देवरामनं तो पाय पाहिला आणि म्हणाला, "नावेले वजन कायले? नाव हलकी पाह्यजे." आमच्याकडच्या नावा परातीसारख्या सपाट असतात, त्याचं काय चुकलं? तेव्हा साहेबानं मला समजावून सांगितलं. वारा शिडाला ढकलतो, नाव कलते; खाली शिसं असलं की ती परत उभी राहते. शिसं नसेल तर एकदाच कलते. मी हे घरी येऊन लीलाला सांगितलं आणि तो पाय कानशीनं घासून पडलेल्या चुऱ्याचा एक गोळा करून अलकासाठी कागदाच्या लगद्याची बाहुली केली, बुडाला शिसं भरलेली. ढकलली की उठायची. अलका तेव्हा चार वर्षांची. ती बाहुलीला तिन्हीत्रिकाळ ढकलायची आणि म्हणायची, "बाबा, ही झोपतच नाही."

साहेबाची बदली झाली तेव्हा त्यानं नाव आम्हा दोघांना दिली. देताना म्हणाला, मास्तर नकाशा वाचेल आणि मिस्त्री दुरुस्ती करेल. साहेब गेला, नाव राहिली. पुराच्या पाण्यावर तिच्यातून सुरतेला आणि तिथून समुद्रात जायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं. आणि मग आम्ही ते केलं जे समुद्राकाठचं कुणी शेंबडं पोरही करणार नाही. मेबल जमिनीवर उभी राहीना. पायावर तोलायची म्हणजे दोन्हीकडून टेकू हवेत, ते टेकू पावसात खचायचे. तेव्हा यादव म्हणाला, पायासाठी खड्डाच खणू. घराचा खांब रोवतात तसा आम्ही नावेचा पाय जमिनीत उतरवला आणि भोवती वाळू ठासली. दोघंही खूश झालो. नाव जमिनीवर टेकली, हलेना, डुलेना. तिचा पाय आम्हाला पुन्हा दिसणार नाही, हे माझ्या लक्षातही आलं नाही. दिसायची गरज काय होती? आत, खोलीतली तळफळी उचलली की पाच नट दिसायचे. पायातून वर आलेले पाच बोल्ट आणि त्यांच्यावर पाच नट. ते नीट आहेत तोवर पाय नीट आहे. ते नट मी दर महिन्याला ग्रीस लावून पुसत होतो.

मी आत शिरलो. खोलीत वार्निशचा आणि जुन्या लाकडाचा वास दाटला होता. हा वास मला इतका आवडतो की वर्गात कंटाळा आला तर मी तो आठवतो. तळफळी उचलली. पाच नट होते, चकचकीत. पाना घ्यायला हात पुढे केला आणि मग वाटलं, नको, आधी नुसत्या बोटांनी पाहू. पहिला नट बोटांनी फिरला. दोनदा फिरवल्यावर तो बोल्टासकट वर आला. बोल्ट बोटभर लांब होता. खालून करवतीनं कापलेला, आणि कापलेला भाग कानशीनं घासून साफ केलेला. यादवचं काम नेहमीच साफ असतं. त्यानं ते भोक खालून लाकडाच्या खुंटीनं बंद करून वरून डांबर भरलं होतं. पाचही तसेच. मी ते पाचही काढून मांडीवर ओळीनं ठेवले. माझ्या बोटांना माझंच ग्रीस लागलं.

बाहेर येऊन हातानंच वाळू उकरली. कोपरापर्यंत हात गेला आणि दगड लागले. नदीतले गोटे, एकावर एक नीट रचलेले, नाव खचू नये म्हणून. इतकी काळजी! माझ्या मनात त्या क्षणी काय आलं ते लाज न बाळगता सांगतो. वाटलं, यादव मेला असता तर मला इतकं लागलं नसतं. मेलेल्या मित्राचं सगळं आपल्याजवळ राहतं. इथं मात्र एकेक गोष्ट हातातून काढून घेतल्यासारखी मागे मागे जात होती. पहिल्या वर्षी तो म्हणाला, नावेच्या फासळीला तडा आहे, यंदा नको. दुसऱ्या वर्षी राजघाटावर स्वतः जाऊन आला आणि म्हणाला, हत्तीच्या पाठीला पाणी लागलं नाही. नदीतला तो दगडी हत्ती पाठीपर्यंत बुडाला की खालचे खडक नावेला लागत नाहीत, असा आमचा हिशेब होता. मी शाळेत होतो, त्याच्या शब्दावर मी हत्ती कोरडा मानला. तिसऱ्या वर्षी डोलकाठीच्या तारा गंजलेल्या. चौथ्या आणि पाचव्या वर्षी प्रेसमध्ये रजा मिळेना. आणि यंदा, गेल्याच रविवारी, त्यानं माझ्या शेजारी बसून वहीवर बोट ठेवून विचारलं होतं, "डहाणूला दोन दिवस थांबायचं का भो? तिथं पाणी गोडं भेटते का?" मी त्याला डहाणूचं पाणी समजावून सांगितलं. त्यानं मान हलवली. शिसं नेलं ते एका दिवसाचं काम, फार तर दोन दिवसांचं. पण हे रविवार? वर्षाला बावन्न, ते पाच वर्षं. प्रत्येक रविवारी त्यानं घरून डबा आणला, केळीच्या पानावर दोघांची भाकरी वाढली, आणि माझ्याबरोबर वहीतल्या सुरतेच्या खाडीतून बाहेर पडला. वारा कुठून येतो ते विचारलं. एकदा तर दमणजवळ वादळ आलं तर काय, यावर आमचं भांडण झालं होतं, तो चिडून उठून गेला होता आणि तिसऱ्या दिवशी शाळेत येऊन म्हणाला होता की तुझंच बरोबर. ज्या नावेला पाय नाही तिच्यावरून तो माझ्याशी भांडला. मला हेच समजेना की त्या भांडणात खोटं कोण होतं.

फासळीच्या तड्याचं वर्ष. ते आठवलं आणि मी वाळूतच बसलो. ते अलकाचं वर्ष. श्रावणात तिला ताप आला, नवव्या दिवशी ती गेली. सहा वर्षांची होती. मी तेव्हा रडलो नाही, त्याबद्दल लोकांनी मला धीराचा म्हटलं. तेरावा झाल्यावर चार दिवसांनी मी यादवला म्हणालो, नदी भरली आहे, मी निघतो. तो म्हणाला, दोघं जाणार होतो ना. मी म्हणालो, तू नंतर ये, आगगाडीनं सुरतेला ये, मी पुढे होतो. हे मी लीलालाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, आधी रावेरला ताईंकडे जाऊन या, त्यांना तुम्हाला पाहायचं आहे, चार दिवस राहून या, मग काय ते करा. मी गेलो. बहिणीनं मला जेवू घातलं, डोक्यावरून हात फिरवला. परत आलो तर यादव ठेशनावर उभा. म्हणाला, फासळीला तडा सापडला. मी त्याच्या गळ्यात पडून रडलो, पहिल्यांदा. त्याच्या अंगाला तेव्हा डांबराचा वास येत होता. मला वाटलं, बिचारा माझ्यासाठी तडा बुजवत होता.

म्हणजे लीला.

मळ्यातून घरी येईपर्यंत मी ते नाव पुन्हा मनात उच्चारलं नाही. लीला ओट्यावर वाल निवडत बसली होती. माझे हात, धोतर, वाळू, सगळं तिनं एकदा पाहिलं आणि सूप खाली ठेवलं. मी पाच बोल्ट तिच्या पुढे ठेवले. तिनं हे काय असं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी कदाचित सांभाळून घेतलं असतं.

"कुणी सांगितलं?" ती म्हणाली.

"कडूच्या काट्यानं."

"मी भाऊजींना बोलली होती का काट्यावर देऊ नका. लोहाराला द्या, वितळवून टाका." तिचा आवाज इतका घरगुती होता की मला तिला मारावंसं वाटलं. आयुष्यात कधी वाटलं नव्हतं ते वाटलं. मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

"तू सांगितलं त्याला?"

"हौ, मीच सांगितलं. ते तर तयार होत नव्हते. बोलले, वहिनी, त्याचा जीव आहे त्या नावेत. मी बोलली, म्हणूनच."

"मला विचारायचं."

"काय विचारायचं?" तिनं मान वर केली. "तुम्ही त्या साली परत यायला निघाले होते का?"

मी म्हणालो, काहीतरी काय बोलतेस. म्हणालो, दोन महिन्यांची रजा टाकणार होतो, शाळेत विचारून पाहा. म्हणालो, माणसं जन्मभर समुद्रावर असतात, ती काय मरायला जातात? मी खूप बोललो. ती वालाच्या टरफलांशी बोटं खेळवत ऐकत राहिली. मग उठली, आत गेली, माझी वही घेऊन आली. वही कुठं असते हे तिला माहीत आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

"तुम्ही नदीवर गेले होते ना, तेव्हा वाचली मी. पूर्ण वाचली." लीला चौथीपर्यंत शिकलेली आहे, बोट ठेवून वाचते. तिनं तसंच बोट ठेवलं. "चांगदेव, भुसावळचा पूल, प्रकाशे, मांडवी, सुरत. मग समुद्रातले. दमण, डहाणू, वसई, मुंबई, आणखी खाली खाली. मालवणपर्यंत सत्तावीस मुक्काम आहेत. कुठं पाणी भरायचं, कुठं तांदूळ घ्यायचे, सर्व लिहिलं तुम्ही. मी मोजले. यायचा एक पण नाही. पानं कोरी आहेत पुढची. लग्नाला जायचं तरी माणूस परतीच्या गाडीची वेळ विचारतो."

ती बोट उचलून आत गेली. चूल पेटवल्याचा आवाज आला. मी वही हातात घेऊन उभा होतो. कोनाड्यात अलकाची बाहुली होती, रंग उडालेली. मेबलच्या शिशातलं एवढंच आता माझ्याजवळ उरलं होतं. मी तिला हात लावला नाही.

तिचं खरं होतं. हे मी इथं लिहितो, तिला सांगितलं नाही. मालवणच्या पुढे मी कधीच काही पाहिलं नव्हतं. मालवण येईल असंही मला वाटत नव्हतं. त्या साली हत्ती गळ्यापर्यंत बुडाला होता, प्रकाशे यायच्या आधीच कुठंतरी ते झालं असतं, आणि लोक म्हणाले असते, मास्तर धाडसी होता. ही गोष्ट मी स्वतःशीसुद्धा शब्दांत बोललो नव्हतो. आणि त्या दोघांनी ती माझ्या पाठीमागे, याच ओट्यावर बसून, मोठ्यानं बोलून घेतली होती. माझ्यावर उपाय ठरवला होता. मला बहिणीकडे जेवायला पाठवलं होतं. त्यांनी माझा जीव वाचवला, असं कुणीही म्हणेल, मीही म्हणेन. पण वाचवलेल्या माणसाला निदान सांगावं तरी, की बाबा रे, तू वाचलास. मला पाच वर्षं कुणी सांगितलं नाही. मी त्या वर्षानंतर हळूहळू खरंच जगायला लागलो होतो, आणि जगायला लागलो तो या नावेच्या आधारानं. तांदूळ किती, पाणी किती, कुठल्या खाडीत रात्र काढायची. आता खरोखर जाऊन यायचं होतं मला. समुद्र पाहून यायचं होतं, वर्गात उभं राहून एकदा तरी म्हणायचं होतं की मी पाहिला आहे. हे त्यांना दिसलं नाही का? त्यांनी मरायला निघालेल्या माणसाची नाव मोडली ते समजतं. जगायला निघालेल्याची ती मोडकीच ठेवली, आणि त्याला तिच्यावर बसवून झुलवत ठेवलं.

संध्याकाळी आम्ही जेवलो. लीलानं दोडक्याची भाजी केली होती, म्हणजे भाजी तिनंच कुणाकडून तरी आणवली. वाढताना तिचा हात माझ्या ताटावर थांबला. "मी मेली असती मागे," ती म्हणाली. "अलका पण गेली, तुम्ही पण. मी काय करायचं होतं? मी माझं पाहिलं." एवढंच ती बोलली, आणि दिवसभरात माझ्याशी कुणी खरं बोललं असेल तर ते तेवढंच. मी ताट संपवलं.

रविवारी सकाळी तिनं चहा पुढे केला. मडमेचं विचारलं नाही. मी वार्निशचा डबा घेतला, वही घेतली, पाच बोल्ट खिशात टाकले. शनवाऱ्यात कडूच्या अडतीवर काटा होता, धडा नव्हता. त्या जागी पोत्यात बांधलेला दगड लटकत होता. म्हणजे बातमी पोचली होती. कडू मला पाहून आत गेला.

यादव माझ्या आधी आला होता. पत्र्याखाली, नेहमीच्या उलट्या टोपलीवर बसला होता. बाजूला फडक्यात भाकरी. मी उकरलेली वाळू कुणीतरी परत सारखी केली होती, वरून हात फिरवून. त्याला कडूनं सांगितलं होतं की नाही ते त्याच्या चेहऱ्यावरून मला कळेना. पाच वर्षं ज्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही त्यावरून आज काय कळणार होतं? त्याचे केस कानांवर पांढरे झाले होते. ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

"उशीर केला भो," तो म्हणाला.

"हो."

मी डबा खाली ठेवला आणि वही त्याच्या हातात दिली. "वाच."

"मी?" दर रविवारी मी वाचायचो आणि तो विचारायचा. "बरं." त्यानं घसा साफ केला आणि वाचायला लागला. चांगदेव. भुसावळचा पूल, पुलाखाली मधल्या कमानीतून जायचं. प्रकाशे, दोन दिवस. तो न अडखळता वाचत होता. कित्येक ठिकाणी त्याची नजर वहीवर नव्हतीच, त्याला सगळं पाठ होतं. मांडवीला वारा मागून. सुरत, शीड इथं चढवायचं. दमणशी आला तेव्हा त्याचा आवाज जरा हलला, कदाचित भांडण आठवलं असेल, पण तो पुढे गेला. मी डोळे मिटले. आणि काय सांगू, मला समुद्र दिसला. त्याच्या आवाजात दिसला, नेहमीसारखाच, करडा, जड, दूरवर पसरलेला. त्या आवाजाचा राग येत होता आणि तो थांबू नये असंही वाटत होतं. डहाणू, वसई, मुंबई. श्रीवर्धन, दाभोळ, जयगड. केळीच्या पानांवर वारा सुटला होता आणि ती फडफडत होती. बंद डोळ्यांनी तो आवाज शिडाचाच वाटतो, हे आम्ही फार पूर्वी एकमेकांना सांगितलेलं होतं.

"मालवण," यादव म्हणाला. आणि थांबला.

"पुढे?"

"पुढं काय? झालं ना." त्यानं पान उलटलं. कोरं पान. पुन्हा उलटलं.

मी खिशातून पेन्सिल काढून त्याच्या पुढे धरली. पेन्सिलीबरोबर एक बोल्टही बाहेर आला आणि नटासकट त्याच्या पायाशी पडला. यादवनं तो पाहिला. उचलला नाही. हातातली वही मात्र त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"शालिग्राम," तो म्हणाला. मास्तर नाही, भो नाही. "वहिनी बोलली म्हणून... माझी कसम, मी तुले सांगणार होतो. दर साली सांगणार होतो. मग तू इथं येऊन बसायचा आणि असा बोलायचा, का मले वाटायचं, आजचा दिवस जाऊ दे."

"परतीचे मुक्काम लिही," मी म्हणालो.

त्यानं पेन्सिल घेतली. ज्या बोटांनी ते पाच बोल्ट इतके साफ घासले त्याच बोटांनी. पानाच्या डोक्याशी पेन्सिल टेकवून तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्या डोळ्यांत एकदम काहीतरी आशेसारखं आलं. त्याला वाटलं, मी माफ केलं. त्याला वाटलं, आता आपण दोघं मिळून खाली पाय बसवू, शिसं परत गोळा करू, भोयांकडून, प्रेसमधून. मला ते सगळं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, पाच वर्षांत पहिल्यांदा काही दिसलं.

"पहिला जयगड लिहू?" तो म्हणाला. "दोघं थकलेलो असू. दोन दिवस तिथं..."

"माझ्या एकट्याचे लिही."

"एकट्याचे? आणि मी?"

"तू कुठं आला होतास, यादव?"

मान खाली घालून, त्याच्या त्या टापटीप अक्षरात, त्यानं जयगड लिहिलं आणि पुढे माझं नाव लिहिलं. खाली दाभोळ लिहिलं. पुढे माझं नाव. मी डब्याचं झाकण उघडलं, ब्रश बुडवला आणि डावीकडच्या, उन्हानं तडकलेल्या फळीला वार्निश लावायला घेतलं.